हिरव्या इंजिनाचा वाद

दिन्या,

तुझं तेरावं झालं. पंगत उठली, पाहुणे आपापल्या गाड्या पकडायला निघाले आणि ताईनं, तुझ्या बायकोनं, कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तुझ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या कपाटाची किल्ली. इतक्या वर्षांत हिला तू मला बोट लावू दिलं नव्हतंस.

"आता तुम्हीच करा वर्गवारी, सुधाकरराव," ताई म्हणाली. "दवाखान्यात सांगून ठेवलंय त्यांनी. अस्सल तेवढ्या पुण्याच्या साहेबांना, नकला सगळ्या सुध्याला. आन् अस्सल कोणती, नक्कल कोणती, ते सुध्याच ठरवील."

नाकात नळी असताना तू हे बोललास म्हणे. मला तिथंच हसू फुटलं. तेराव्याला हसणं बरं दिसत नाही म्हणून तोंडावर रुमाल धरला, तर तुझ्या भाच्यांना वाटलं, काकांना रडू आवरेना. तेही खोटं नव्हतं. माणूस जाता जाता दोन शब्द प्रेमाचे बोलतो, तू टोमणा मारून गेलास. नकला सगळ्या सुध्याला! जन्मभर जे मला ऐकवलंस तेच पुन्हा एकदा, या खेपेला मृत्युपत्राच्या थाटात.

पुण्याचे साहेब रविवारी येतायत. तू ज्यांच्याशी फोनवर तासन्‌तास स्प्रिंगा आणि रंग यांवर बोलायचास तेच. माणूस सज्जन आहे. जुन्या गाड्यांसाठी त्यांनी घरात वेगळी खोली केलीय, तिथं धूळ नाही, ऊन नाही, पोरांचे हात नाहीत. अस्सल माल जाणकाराच्या घरी जावा ही तुझी इच्छा रास्तच होती. ताईनं पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून, दोरा ओवून टेबलावर ठेवल्या. मी एकेक गाडी काढायची, भिंगाखाली बघायची, चिठ्ठी बांधायची.

बाकीच्या गाड्यांचं काही अडलं नाही. अडलं ते हिरव्या इंजिनापाशी. चिठ्ठीवर 'अस्सल' लिहिलं तर ते रविवारी पुण्याला जाणार. 'नक्कल' लिहिलं तर माझ्या घरी येणार. आणि हे इंजिन नक्कल आहे म्हणून मी शाळेपासून तुझ्याशी हुज्जत घालतोय. म्हणजे फिर्यादी मी, न्यायाधीश मी आणि मुद्देमालही माझ्याच घरात. समोर तू नाहीस. अशा खटल्यात जिंकणारा माणूस फार बावळट दिसतो रे.

तू शाळेत आलास तो दिवस मला आठवतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. तुझे अप्पा गंगापूरच्या कचेरीत कारकून होते, त्यांची बदली औरंगाबादला झाली आणि तुला आमच्या वर्गात आणून बसवलं. तेल लावून चापून बसवलेले केस, आणि दप्तरात पुस्तकांच्या वर ते इंजिन, टॉवेलात गुंडाळलेलं. हिरवा पाठीचा गोल, काळं धुराडं, पोटाशी चावी. मधल्या सुट्टीत तू ते बाकावर ठेवलंस आणि आम्ही सगळे गोळा झालो.

"अप्पांनी आणलंय," तू म्हणालास. "पत्रा परदेशी आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

आपल्या मैत्रीतला माझा पहिला शब्द हाच. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गंगापूरला रेल्वे नाही, रेल्वे बघायची तर लासूरला जायचं. त्यामुळे रेल्वेबद्दल कुणी शंका घेतलेली तुला कधी सहनच झाली नसावी. दुसऱ्या दिवशी इंजिनाला निजामाचा काळ चिकटला, तिसऱ्या दिवशी एका नवाबाच्या हवेलीतला लिलाव. अप्पा बिचारे एवढंच म्हणाले होते की पत्रा परदेशी आहे. उरलेली सगळी हवेली तू बांधलीस, आणि मग जन्मभर तिच्यात राहायला गेलास.

पुढं मी चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलो. प्रेसवर पत्रा दाबून भाग काढायचे, तेच काम निवृत्तीपर्यंत. तू बँकेत. पगार सुरू झाल्यावर लोक टीव्ही घेतात, स्कूटर घेतात. आपण दोघं रविवारी सकाळी जुन्या बाजारात पत्र्याच्या आगगाड्या शोधत फिरायचो. तुला अस्सलच लागायची. जुनी, रंग उडालेली, एका चाकावर लंगडणारी असली तरी चालेल, पण त्या काळातली. मला चालणारी हवी. नवी नक्कल असो, दिल्लीहून आलेली असो, चावी दिली की रुळावरून धावली पाहिजे. जेवणाच्या टेबलाभोवती माझे रूळ कायमचे मांडलेले असायचे आणि माझी बायको नलू आमटीची वाटी डब्यावर ठेवून माझ्याकडं पाठवायची. तू हे बघून कपाळावर हात मारायचास. "तू खेळणी जमवतोस, सुध्या. मी इतिहास जमवतो." यावर मी म्हणायचो की तुझ्या इतिहासाला चावी दे, बघू किती पावलं चालतो.

जुन्या बाजारातल्या त्या चाचांची आठवण काढून आपण किती वेळा हसलो असू. त्यांनी एक लाल गाडी पुढं केली. "साहब, अंग्रेज के टाइम का माल हय. एकदम असली."

तू भिंग लावून खालची बाजू बघितलीस. "चाचा, अंग्रेज के टाइम में ये अधिक के निशानवाला स्क्रू था क्या?"

चाचांनी क्षणभर विचार केला. "हौ साहब. एक-दो अंग्रेज के पास था."

तू इतका हसलास की नक्कल आहे हे कळूनही गाडी घेतलीस आणि तिथल्या तिथं माझ्या पिशवीत टाकलीस. "घे. नकला तुला." तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुढं तूही काही नकला ठेवायला लागलास, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. शेजारी खोटं असल्याशिवाय खरं ओळखू येत नाही, म्हणायचास. मी म्हणायचो, म्हणूनच तर तू मला शेजारी बसवतोस.

तुझ्या परीक्षा ठरलेल्या होत्या. आधी वास घ्यायचा, ताज्या रंगाचा वास आला की गाडी बाद. मग भिंगातून छपाई बघायची, रंगाचे बारीक ठिपके दिसले की बाद. मग स्क्रू. हिरवं इंजिन या सगळ्यांतून सुटायचं, कारण त्याच्यावर छपाई नव्हतीच, हातानं दिलेला रंग होता, आणि स्क्रूही नव्हते. पण मी पत्र्यातला माणूस. मला दिसायचं की पाठीचा गोल प्रेसमधून निघालेला नाही, हातोडीनं ठोकून काढलाय. चाकं एका मापाची नाहीत. विलायती कारखाना असली चाकं बाहेर सोडील होय? आणि कुठंही कारखान्याची खूण नाही.

"खूण झिजली," तू म्हणायचास.

"मग उघड. आतली बाजू बघू. पत्रा खोटं बोलत नाही."

"अस्सल वस्तू उघडत नसतात, सुध्या. सोन्याची आहे का बघायला तू देवाची मूर्ती खरवडशील?"

इथं येऊन वाद नेहमी थांबायचा. उघडायचं म्हणजे खालच्या पट्ट्या सरळ करायच्या. या खेळण्यांत पत्र्याच्या बारीक पट्ट्या खाचेतून घालून मागं दुमडलेल्या असतात, त्यावरच सगळं अंग धरलेलं असतं. अशी पट्टी एकदा सरळ करून पुन्हा दुमडली तर टिकते, दुसऱ्यांदा मोडते. हे मीच तुला शिकवलं होतं. त्यामुळे इंजिन उघडायचं ते आयुष्यात एकदाच, आणि ती एक खेप तू राखून ठेवली होतीस.

या वादानं आपलं काय काय बघितलं! तुझं लग्न बघितलं. गंगापूरच्या शेतकरी घरातली मुलगी, अप्पांच्या जुन्या ओळखीतली. त्याच मांडवात पंगतीत मीठ वाढणारी तिची धाकटी बहीण नलू मला दिसली, आणि वर्ष सरायच्या आत आपण मित्रांचे साडू झालो. नलू माहेरी गेली की ताईला सांगायची, "अगं, माझा नवरा तुझ्या नवऱ्याशी इंजिनावरनं भांडतो, म्हणून माझ्याशी भांडायला त्याला वेळच राहत नाय." दोघी बहिणी आपल्या वादाला 'गाडी सुटली' म्हणायच्या. गाडी सुटली की त्या निवांत चहा घेत बसायच्या.

छोटी लाईन बंद होऊन मोठी आली तेव्हा आपण दोघं रजा टाकून स्टेशनवर गेलो होतो. छोट्या लाईनची गाडी शेवटची निघाली आणि तू लहान मुलासारखा हात हलवत राहिलास. परत येताना म्हणालास, "गेली बघ अस्सल." मी म्हटलं, "मोठीत बसायला जागा मिळेल." आपण स्टेशनपासून क्रांती चौकापर्यंत एकमेकांशी बोललो नाही. मग तूच उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलास.

तुझं सिडकोतलं घर झालं तेव्हा बसस्टॉपपासून दारापर्यंत नुसता वारा होता. माझ्या चिकलठाण्याच्या गच्चीवरून कापसाची शेतं दिसायची, मग पत्र्याच्या शेड दिसायला लागल्या, आता समोरच्या इमारतीतला टीव्ही दिसतो. तू जालना रोडकडं बघून करवादायचास की सगळं शहर एका साच्यातून काढलंय, एक घर उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं तरी मालकाला कळणार नाही. मी साच्यांची बाजू घ्यायचो. पोट त्यावरच चाललं होतं माझं.

मग तो उन्हाळा आला. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, गल्लीत टँकर शिरला की बाया भांडी घेऊन धावायच्या. लातूरला रेल्वेनं पाणी निघालं, ते टीव्हीवर बघताना तू म्हणालास, "आयुष्यभर गाड्या जमवल्या, पण गाडी कशासाठी असते ते आज कळलं." त्याच उन्हाळ्यात माझी नलू गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी ड्रम भरत होतो. नळ तसाच चालू राहिला आणि शेजाऱ्यांनी येऊन बंद केला.

त्यानंतरचे महिने माझे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. रूळ मी गुंडाळून माळ्यावर टाकले. चावी देऊन गाडी सोडायची, आणि पलीकडं वाटी ठेवायला कुणी नाही. भाजी आणायचो आणि ती तशीच सुकायची. पण रविवार आला की तुझा फोन यायचा. 'कसा आहेस' असलं काही नाही. "सुध्या, त्या चाकांचं माप तू चुकीचं घेतलं होतंस. ये, दाखवतो." की मी पायात चपला सरकवून निघालोच. तुझ्याकडं यायचो, दुपारपर्यंत तावातावानं भांडायचो, ताई ताट वाढायची, आणि भांडता भांडता मी पोटभर जेवून जायचो. आठवड्यातलं तेवढंच जेवण धड व्हायचं.

त्या वर्षीची खंडेनवमी मी विसरलेलो नाही. माझ्या घरी सण नव्हता म्हणून तू मला बोलावून घेतलंस. ताईचा आपला दरवर्षीचा हट्ट असायचा की इंजिन म्हणजे यंत्रच, मग त्याला हळदकुंकू नको? कारखान्यात आम्ही प्रेसला झेंडूचे हार घालायचो, तसं. तू मात्र अस्सल गाड्यांना कुंकवाचं बोट लागू द्यायचा नाहीस, रंग धरतो म्हणून. शेवटी तोडगा निघाला होता. खालच्या खणातल्या नकला पाटावर मांडायच्या, त्यांना हळदकुंकू थेट पाठीवर. अस्सल गाड्या कपाटातच, त्यांचं कुंकू बाहेरून काचेवर. देवसुद्धा भेदभाव करत नसेल इतका तू करायचास. त्या दिवशी ताईनं काच पुसायला कपाट उघडलं होतं, हिरवं इंजिन पुढंच होतं, आणि तिनं सरळ त्याच्या पाठीवर बोट टेकवलं. मी म्हटलं, आता फुटतोय बॉम्ब. तू इंजिनाकडं बघितलंस, ताईकडं बघितलंस आणि म्हणालास, "अक्षता पण टाक की." मला वाटलं, दिन्या म्हातारा झाला. वाईट वाटलं जरा. मग आरती झाली आणि आपण पुन्हा चाकांच्या मापावर आलो.

तेराव्याला चार दिवस झाले, आणि हे सगळं आज दुपारी, टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग ठेवून, मी आठवत बसलो होतो. बाकीचं कपाट रिकामं झालं होतं. पुण्याला जाणाऱ्या गाड्या एका बाजूला, माझ्या नकला दुसऱ्या बाजूला. मधे हिरवं इंजिन, पाठीवर तो पुसट तांबूस ठिपका अजून तसाच. तू तो पुसला नव्हतास. इतकी वर्षं त्याच्यावर नजर गेली असेल माझी, पण मनात कधी आलं नाही की दुसऱ्याच्या गाडीला हात लागला तरी ओरडणारा हा माणूस आपल्या लाडक्या इंजिनावर डाग कसा राहू देतो.

मी इंजिन उलटं केलं. तुझ्या हयातीत तू ते माझ्या हातात द्यायचास तेव्हा खालून आपला तळहात लावून ठेवायचास, पडेल म्हणून. म्हणजे मला तसं वाटायचं. आज पहिल्यांदा खालची बाजू उजेडात नीट दिसली. पट्ट्या दुमडलेल्या होत्या, पण प्रत्येक घडीवर रंगाचा पापुद्रा निघालेला, आणि आत केसाएवढी चीर. पत्र्यात आयुष्य गेलं माझं. पट्टी एकदा सरळ होऊन परत दुमडली की अशीच दिसते.

दिन्या, तू ते उघडलं होतंस.

उघडलंस आणि मला सांगितलं नाहीस. आत एखाद्या विलायती कारखान्याचं नाव निघालं असतं तर तू गप्प बसला असतास? रिक्षा करून चिकलठाण्याला आला असतास, जिन्यातूनच ओरडत आला असतास. गप्प बसलास याचा अर्थ एकच होता. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. जिंकल्याचं मला काहीच वाटलं नाही. म्हटलं, बिचारा एकटाच बसला असेल ते उघडून, अप्पांची आठवण काढत, आणि मला सांगायची लाज वाटली असेल.

ताई चहा घेऊन आली. मी इंजिन उलटं धरून तिच्यासमोर केलं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"दिसलं का तुम्हाला," ती म्हणाली. "म्हणत होते, एक ना एक दिवस सुध्याला दिसंल."

"कधी उघडलं?"

"नलू गेली त्याच्यानंतर. तुम्ही लई वाळला होता त्या दिवसांत. एका रविवारी तुम्ही जाताना म्हणलात, 'दिन्या, आता मला या वादातसुद्धा राम वाटत नाही.' तुम्ही गेलात अन् हे उठले. म्हणले, आज सोक्षमोक्ष लावतो. अस्सल निघालं तर त्याला चिडवीन, नक्कल निघालं तर त्याच्या पाया पडीन, दोन्हीत तो हसंल तरी. ह्याच टेबलावर उघडलं. मी बॅटरी धरली होती."

"आणि?"

"आत तेलाच्या डब्याचं चित्र. हातात हात धरलेले दोन हात. दुष्काळात बाहेरच्या देशातून तेल यायचं ना डब्यातनं, मामंजी तेच वाटायला असायचे गंगापूरला. रिकाम्या डब्याचं कुणा पत्रेवाल्याकडनं करून घेतलं असंल पोरासाठी. गजराच्या घड्याळाची चावी बसवलेली."

मी इंजिन खाली ठेवलं. ते डबे मलाही आठवत होते. शाळेत सुकडी मिळायची ती त्याच तेलातली असावी, तुझ्या पोटात गेली तशी माझ्याही.

"लई वेळ बसून होते," ताई म्हणाली. "मला वाटलं, वाईट वाटलं असंल. तर मधीच हसाय लागले. म्हणले, अप्पा खोटं बोलले नाहीत बघ, पत्रा परदेशीच निघाला! मग पट्ट्या परत दुमडल्या. मी म्हणलं, फोन लावू का सुधाकररावांना? तर म्हणले, नाय. सांगायचं नाय त्याला."

"का?"

ताईनं माझ्याकडं बघितलं नाही. कपातला चहा बशीत ओतला, परत कपात ओतला.

"म्हणले, सुध्याला आता घरी भांडायला कुणी नाय राहिलं. हे एकच भांडण उरलंय त्याला. तेबी मिटवलं तर रविवारी यायचा कशाला?"

मी आता काय सांगू तुला. सगळ्या जगाला भिंग लावून खरं-खोटं सांगणारा माणूस तू. जुन्या बाजारात एका स्क्रूवरून समोरच्याला गप्प करणारा. आणि माझ्यासाठी दर रविवारी टेबलाशी बसून, डोळ्यात डोळे घालून खोटं बोलत राहिलास की हे अस्सल आहे! हरलेली बाजू घेऊन तू ताठ मानेनं लढलास, माझी चाकांची मापं खोडून काढलीस, मला मूर्ख म्हणालास, आणि मी रागानं लाल होऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी तुझ्यावर दया करत होतो रे. मनात म्हणायचो, दिन्याचं आपलं इंजिन हे वेड आहे, त्याला मोडता घालायचा पण मोडायचं नाही. मला काय ठाऊक, कोण कुणाला सांभाळतंय.

मग तो दवाखान्यातला टोमणाही मला नव्यानं ऐकू आला. नकला सगळ्या सुध्याला, आणि ठरवील सुध्याच. तू हार कबूल केली होतीस. तोंडानं कबूल करणं तुझ्या स्वभावात नव्हतं, म्हणून अशी केलीस, आणि अप्पांचं इंजिन माझ्या नावावर करून मोकळा झालास. निदान एकदा समोर बसून म्हणायचंस, 'सुध्या, तू बरोबर होतास.' मी पेढे वाटले असते. नाही, खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस जेवलो नसतो.

चिठ्ठी घेतली. आयुष्यभर तुला चिडवायला वापरलेला शब्द तिच्यावर लिहिला. 'नक्कल.' दोरा इंजिनाच्या धुराड्याला बांधला. तुझी इच्छा होती, ती पूर्ण केली. आता हे मी घरी नेणार होतो. माळ्यावरचे रूळ काढून चावी द्यायची असं मनाशी ठरवलंसुद्धा.

इंजिन टॉवेलात गुंडाळायला घेतलं आणि माझी नजर खोलीवर गेली. कपाट उघडं, खण रिकामे, काचेवर गेल्या खंडेनवमीच्या कुंकवाची बोटं. रविवारी पुण्याची गाडी येऊन जाईल, तुझा मुलगा परवाच बंगळूरला परत गेलाय, आणि मग या घरात ताई असेल आणि घड्याळ असेल. तुझ्या खुर्चीवर तुझा चष्मा अजून तसाच होता.

ताई उठली. तिनं माझ्या हातातून इंजिन घेतलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याच्यावरची धूळ पुसली असेल, पण असं दोन्ही हातांत धरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तिनं चिठ्ठी उलटसुलट करून वाचली, दोरा सोडला आणि चिठ्ठी टेबलावर माझ्यापुढं सरकवली.

"हे चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं, ताई? आत्ता तुम्हीच तर सांगितलं."

"मी सांगितलं ते सांगितलं. पण नक्कल म्हणलेलं मला नाय पटत. मी म्हणते, अस्सल हाय. मला पटवून द्या अन् मग घेऊन जा. तंवर हे इथंच राहील."

तिनं इंजिन रिकाम्या कपाटात ठेवलं, मधल्या खणात, त्याच्या नेहमीच्या जागेवर. काच लावली. किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि कमरेला खोचली. मग तुझी खुर्ची ओढली, चष्मा उचलून बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर बसली. हनुवटी थेट तुझ्यासारखी वर केलेली.

मी चहाचा कप जवळ ओढला.

"कशावरून?" मी विचारलं.